गणपतीतलं नाटक आणि माझ्या गोळ्या

गणपतीच्या एकांकिकेला प्रतिभा हवी म्हणून मी डोक्याच्या गोळ्या बंद केल्या.

लेखक थोडे वेडे असतात, असं मी ऐकून होतो. वेड माझ्याकडे आधीपासूनच होतं, डॉक्टरांनी सही करून दिलेलं. राहता राहिलं लिहिणं. गोळ्या चालू असताना जे सुचायचं ते फार शहाण्यासारखं असायचं, आणि भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमधल्या मराठी मंडळाला दरवर्षी तसलंच नाटक देऊन मी कंटाळलो होतो.

गोळ्या सुटल्या आणि प्रतिभा धावतच आली. एकांकिकेचे तीन अंक झाले. पात्रं वाढत गेली, तशा मी क्वार्टरोक्वार्टरी हिंडून भूमिका वाटल्या. शेजारच्या बंगाली साहेबांना मराठीचा म येत नव्हता, त्यांना पेशवे केलं. ते बिचारे हो म्हणाले.

बायकोला गोळ्या सुटल्याची मागची खेप आठवत होती. तेव्हा मी कारखान्यातून निघालो तो थेट शहराबाहेर मिसरोदला सापडलो. अनवाणी, पाय फुटलेले, आणि अत्यंत आनंदात.

वाचन दुपारी कम्युनिटी हॉलमध्ये ठेवलं. पहिला अंक संपता संपता दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला आणि निम्मी पात्रं ड्यूटीवर गेली. बाकीची 'गॅसवर दूध आहे' म्हणत उठली. पेशवेही गेले. मी वाचत राहिलो. मान वर केली तेव्हा दाराशी खुर्ची ओढून बायको एकटी बसलेली. मांडीवर माझ्या चपला.

"त्या कशाला?"

"तुम्हाला थांबवता तर येत नाही मला," ती म्हणाली. "निघालात तर निदान पायात घालून जा."

तिसऱ्या अंकात अजून बरंच काही व्हायचं होतं. पण मी कागद गुंडाळले, चपला घातल्या आणि तिच्याबरोबर दवाखान्यात गेलो. वाटेत तिला तिसरा अंक तोंडी सांगितला.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डोकं जागेवर आलं, तशी नवी काळजी लागली. प्रतिभा कायमचीच गेली तर? शेवटी नाटक बसवणाऱ्या नागपूरच्या काकूंना गाठलं. तिन्ही अंक वाचण्याचं धाडस त्यांनी एकट्यांनीच केलं होतं.

"काकू, खरं सांगा. हे बिनगोळ्यांचं लिखाण काही वेगळंच आहे ना?"

काकू मखराला झिरमिळ्या चिकटवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"गोळ्या घेत जा, भाऊ. नाटक तुमचं तेव्हाही असंच रद्दी असते. पण लवकर संपते."