निंगव्वाचं विरजण

होटगीच्या कस्तुराबाईची सासू निंगव्वा मेली, पण घरातून गेली नाही. ती विरजणात राहायला लागली. मरताना तिनं बजावलं होतं, "हे विरजण मोडलंस तर मी मेले समज!" तेव्हा ती मरतच होती, पण तिला सांगणार कोण?

रोज सकाळी दह्याच्या मडक्यावरचं झाकण काढलं की आतून आवाज यायचा, "दूध कोमट हाय का बघितलंस? का आईनं तेवढंबी शिकवलं न्हाय?"

"व्हय, आत्याबाई, बघितलं," म्हणत कस्तुराबाई पदर सावरायची. मडक्यासमोर!

यंदा नवरा येडू जुलाबांनी आडवा झाला. दवाखान्यातून बरा होऊन आला, आईच्या विरजणाचं ताक प्यायला, की पुन्हा सलाइनवर. डॉक्टर म्हणाले, तिसऱ्यांदा आणलंत तर भरवसा नाही.

येडूची भाची सोनम सोलापुरात प्रयोगशाळेत कामाला. तिनं आदल्या दिवशी थोडं दही नेलं, त्यातले जंतू पोषक पाण्यात रातभर वाढवले आणि त्या पाण्याची बाटली व एक पट्टी घेऊन आली.

"मामी, ह्या पट्टीत सोन्याचे कण हायत. केसाच्या जाडीत हजार मावतील एवढे बारीक. वाईट जंतू असला की त्याला चिकटतात आणि इथं लाल रेघ उठते. दुसरी रेघ नुसती पट्टी चालू असल्याची."

"सोनं आणि लाल? कुठल्या सोनारानं फसवलं गं तुला?"

"एवढं बारीक झालं की सोनं लालच दिसतं."

थेंब पडला. पट्टी चालू असल्याची रेघ उठली. मग हळूहळू जंतूची.

"टाकायला पायजे, मामी."

"तुझी आज्जी हाय त्यात!"

"आणि मामा दवाखान्यात हाय."

कस्तुराबाईनं मडकं उचललं. "सून हायस का वैरीण?" आतून आवाज आला. परसात खड्डा खणून तिनं दही ओतलं, वर चुना टाकला, मडकं फोडलं. आवाज मधेच तुटला.

येडू घरी आला. विकतच्या दह्याचं ताक नाक मुरडत प्यायला आणि दोन्ही वेळ जेवू लागला. घर मात्र भयंकर गप्प झालं. कस्तुराबाई चुलीपाशी बसून कान देई. काहीच नाही.

एके सकाळी तिनं मुद्दाम भाकरी करपवली. काळी होईपर्यंत तव्यावर ठेवली आणि मान खाली घालून वाट बघत बसली.

"अगं, जळाली की!" येडू ओरडला.

"तुमी गप बसा," ती म्हणाली. "त्यांना बोलू द्या."