खाऱ्या पाण्याची निगा

आरोंद्याच्या खाडीकाठी, जिथे भरतीचे पाणी माडांच्या मुळांपर्यंत येते आणि निमूट परत फिरते, तिथे गुलाम खतीब यांचे घर आहे. टपाल खात्यात चौतीस वर्षे इमानाने सेवा करून ते निवृत्त झाले, त्यालाही आता सात वर्षे लोटली. वय सदुसष्ट. गावात लहानथोर त्यांना गुलामचाचा म्हणतात. नोकरीत असताना त्यांनी एक पांढरी, चार दारांची लहानशी गाडी घेतली. आयुष्यातील ती त्यांची एकुलती एक मोठी खरेदी. तेव्हापासून पंधरा वर्षे त्यांनी तिची निगा राखली.

ही निगा साधी नव्हती. पहाटेची नमाज अदा करून आले की परसातल्या बावीतून दोन बादल्या पाणी काढायचे आणि गाडी नखशिखांत धुवायची, हा त्यांचा नित्यनेम होता. चाकांच्या कमानींत हात घालून ते चिखल काढीत, तळाखाली पाण्याचे हबके मारीत. इतकी सेवा घेऊनही गाडीला म्हातारपण यायचे ते आलेच. आधी रेडिएटर गळू लागला, मग क्लचप्लेट झिजली. पुढे सेल्फ-स्टार्टरने दगा दिल्यावर गाडी सदैव उतारावर उभी करावी लागे. मागचे डावे दार केवळ बाहेरूनच उघडत असे. सुटा भाग हवा तर कणकवलीच्या जुन्या बाजारात अर्धा दिवस मोडायचा. विम्याचा हप्ता, धुराचा दाखला, टायर. एकाची भूक भागवावी तो दुसरे तोंड उघडे.

आणि तरीही ती गाडी हवीच होती. त्यांच्या पत्नीचे, नाझमीनचे, दोन्ही गुडघे निकामी झाले होते. एस.टी.ची पहिली पायरी तिच्यासाठी गडाच्या चढणीसारखी. बांद्याला बहिणीकडे जायचे, सावंतवाडीच्या बाजारात बांगड्या पाहायच्या, कुणाच्या निकाहाला हजर राहायचे, ते या गाडीतूनच. गाडी गेली असती तर नाझमीनचे जग उंबरठ्याशी येऊन थांबले असते.

यंदा चैत्रात नोंदणीची पंधरा वर्षे संपत आली. ओरोसला आरटीओ कचेरीत नेऊन पासिंग करून घ्यायचे होते. त्याआधी एकदा तपासून घ्यावी म्हणून चाचांनी ती तिठ्यावरच्या सत्यवान मेस्त्रीकडे नेली. सत्यवानने जॅक लावला, आडवा होऊन तो गाडीखाली शिरला आणि स्क्रू-ड्रायव्हरने तळाचा पत्रा ठोकू लागला. तिसऱ्या ठोक्याला आवाज आला नाही. स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला होता.

"चाचा, हय हात घाला," तो खालूनच म्हणाला.

चाचांनी वाकून हात घातला. बोटांत तांबूस भुगा आला.

"गाडयेतून मासळी व्हरतास काय?"

"खुळो काय रे? तुजी चाची बांगड्याची पिशवीसुदा ठेवूक दिणा नाय."

"मग येवढो गंज खंयसून? रोज धुतास मां?"

"रोज. एक दीस चुकवक नाय."

"खंयच्या पाण्यान?"

"बावीच्या."

सत्यवान बाहेर आला. हात पुसता पुसता थांबला. "तुमची बाव म्हणजे खाडयेकडली? चैतापासून तिका खार चढता नाय?" त्याने मान हलवली. "चाचा, पंदरा वर्सां तुमी तिका खारातल्या आंब्यासारख्या मुरवलास. फरक इतकोच, आंबो टिकता."

तळ नव्या पत्र्याने वेल्डिंग करायचा, सायलेन्सर बदलायचा, पुढचे बुश घालायचे. सत्यवानने बावीस हजार सांगितले. भंगारवाला सगळ्या गाडीचे अठरा देईल, हेही त्याने लपवले नाही.

चाचा घरी आले तेव्हा नाझमीन उंच खुर्चीत बसून भाजी चिरत होती. त्यांनी सारे सांगितले. ती आधी हसली, मग तिला ठसका लागला.

"अवो, त्या पाण्यात माजी डाळ शिजणा नाय! किती वर्सां झाली, चैत लागलो की मी नळाचा पाणी भरून ठेवतंय."

"मग माका सांगलंस कित्याक नाय?"

"तुमी डाळ शिजयतास काय? गाडी धुतास. माका काय ठावक, गाडयेकय गोडा पाणी लागता ता?"

चाचा ओटीवर टेकले. चुलीपाशी जे ज्ञान वर्षानुवर्षे नांदत होते ते वीस पावलांवरच्या अंगणात कधी पोचलेच नव्हते. एखाद्याने आळसाने गाडी न धुता ठेवली असती तर ती आज धडधाकट असती, या विचाराने त्यांना राग आला नाही. केवळ थकवा आला, हाडांपर्यंत उतरणारा.

"दिवन टाका भंगारात," नाझमीन म्हणाली. "अठरा तर अठरा. माका आता खंय जावचा आसा?"

हे तिने भाजीवरून नजर न काढता, फार सहज म्हटले. चाळीस वर्षांच्या संसारात चाचांना एक गोष्ट कळून चुकली होती: जे तिला खरोखर नको असे त्यावरून ती भांडत असे; जे हवे असे ते मात्र सहज सोडून देई. त्यांनी खिशातून फोन काढला.

"सत्या, कर रे काम. आणि खालसून डांबराचो थर मार, दोन हात."

दहा दिवसांनी ते दोघे ओरोसला गेले. नाझमीन सावलीत उभ्या गाडीत बसून राहिली. खिडकीतून माणसे पाहत होती. तपासणी करणाऱ्या तरुण साहेबाने दिवे लावून पाहिले, ब्रेक दाबून पाहिला, वाकून तळ पाहिला.

"काका, गाडी जुनी आणि तळ कोरा?"

"हो साहेब. नवा करून घेतला."

"चांगली ठेवली आहे तुम्ही."

चाचांनी नुसती मान लववली.

पाच वर्षांची मुदत मिळाली. चाचा स्टिअरिंगवर हात ठेवून काही वेळ बसले. पाच वर्षे म्हणजे बहात्तर. तेवढा काळ पुन्हा टायर, पुन्हा बॅटरी, पुन्हा त्या मेस्त्रीचे दार. आनंद व्हायला हवा होता. त्यांना मात्र घरी जाऊन आडवे व्हावेसे वाटत होते.

"झाला?" नाझमीनने विचारले.

"झाला. पाच वर्सां."

तिने खिडकीतून रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाली, "कणकवली हयसून किती लांब?"

"अर्धो तास. कित्याक? थंय आपला कोण आसा?"

"कोण नाय. खूप वर्सांत बघूक नाय. रस्तो म्हणे मोठो केल्यानी."

घर दक्षिणेला होते, कणकवली उत्तरेला. ऊन तापले होते, चाचांची कंबर दुखत होती, आणि चढावर इंजिन गरम होणार हेही त्यांना ठाऊक होते. त्यांनी मागच्या सीटवरची पाण्याची बाटली पुढे घेतली, तिच्या हाती दिली, आणि महामार्गावर येताच गाडी उत्तरेकडे वळवली.