काहून सर

आमचे मुख्याध्यापक पालकसभेत बोलायला उभे राहिले आणि त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "मले लहानपणी शाळा बिलकुल आवडे नाही." मी त्या शाळेत रुजू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून सामान उचलून मुकुटबनला खोली घेतली होती, आणि तिथून जवळच्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मला पहिलीचा वर्ग मिळाला होता. मला वाटलं, आता एखादा सुविचार सांगून सर सावरून घेतील. पण सावरण्याचा त्यांचा काही विचार दिसेना. "मी डाखोरा. डाव्या हातानं लिहिलं की मास्तर त्या हातावरच मले बसवत. मग मी दप्तर झुडपात लपवून दिवसभर बोरं खात हिंडो. तुमचं लेकरू शाळेत यायले रडत असन, तर ते वाया गेलं असं समजू नोका. फार तं फार हेडमास्तर होईन." सभा हसली. तोंडाला पदर लावून बसलेल्या बायासुद्धा हसल्या.

मुलं त्यांना 'काहून सर' म्हणत. आमच्या भागात 'का'ला 'काहून' म्हणतात आणि हा शब्द मास्तर लोकांच्या तोंडी दिवसभर असतोच. "काल काहून नाही आला रे?" असं विचारायचं आणि उत्तर यायच्या आत टोमणा मारून मोकळं व्हायचं, ही जुनी रीत. सरही तेच विचारायचे, पण विचारून थांबायचे. मान थोडी तिरकी, हात पाठीमागे. पोरगं बोटं मोडायचं, भिंतीवरचा नकाशा पाहायचं, नाक ओढायचं; सर तसेच उभे. एकदा अशा वेळी तालुक्याहून साहेबांचा फोन आला. सरांनी तो कापून टाकला. मी घाबरून पाहिलं, तर म्हणाले, "साहेब पुन्हा फोन करतीन मॅडम. हे पोरगं पुन्हा नाही सांगन."

चौथीतल्या विशालचं पोट दर मंगळवारी दुखायचं. आई म्हणायची, सोंग करतो. सरांनी त्याला व्हरांड्यात जवळ बसवून घेतलं आणि बऱ्याच वेळानं गाडी मंगळवारच्या पाढ्यांवर आली. एकेकानं उभं राहून पाढे म्हणायचे, चुकलं की बाकीचे हसणार. सरांनी आईला बोलावून सांगितलं, "सोंग नाही बाई, पोट खरंच दुखते त्याचं. भेवानं दुखते. भेव काढून टाकला का पोट चांगलं." पुढच्या मंगळवारपासून सगळा वर्ग ताल धरून एकत्र पाढे म्हणू लागला. त्यात विशालचा आवाज सगळ्यांत मोठा. तो पाढे चुकतच होता, पण आता ते कोणाला ऐकू येत नव्हतं, आणि हळूहळू चुकणंही कमी झालं.

सातवीतल्या मुली अधूनमधून गैरहजर राहायच्या. त्याचं कारण मात्र त्या सरांना सांगेनात. मला सांगितलं: मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. मी ते सरांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "इतक्या दिवसापासून मी लेकरायले उत्तर पुसून राह्यलो, अन् दरवाजा पाहून नाही आलो," एवढंच म्हणाले. त्याच रविवारी स्क्रू आणि कडी विकत आणून, डाव्या हातानं पेचकस फिरवत त्यांनी स्वतः ती बसवली. जरा तिरकी बसली. पण लागत होती.

ते काही संतपुरुष नव्हते. कार्यालयातले कागद त्यांना कधी सापडत नसत, प्रार्थनेत ते भलत्याच सुरात गात, आणि खर्रा खात. मधल्या सुट्टीत प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारी घोटत बसले की त्यांच्या तोंडावर समाधी उतरायची. एकदा तिसरीतली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, तुम्ही खर्रा काहून खाता?" विचारून ती थांबली. मान तिरकी, हात पाठीमागे. सर तिच्याकडे पाहत राहिले, पन्नीकडे पाहत राहिले. पोरगी हलेना. शेवटी त्यांनी पन्नी कचऱ्यात टाकली. नंतर कोणी विचारलं की म्हणायचे, "डॉक्टर, बायको, सगळ्यायले जवाब देऊन झाले होते. तिले देता आला नाही."

माझ्या वर्गात त्या वर्षी रेणुका आली. गावापलीकडच्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. घरी सगळे कोलामी बोलायचे. मराठी तिनं बाजारात ऐकली असेल तेवढीच. काही दिवस ती खिडकीपाशी गप्प बसून राहिली. एक दिवस तिला बाहेर जायचं होतं आणि ते कसं विचारायचं हे तिला माहीत नव्हतं. ती जागेवरच ओली झाली, मुलं हसली. मी तिला जवळ घेऊन स्वच्छ केलं, पण दुसऱ्या दिवसापासून ती यायचीच बंद झाली.

सर म्हणाले, "चाला मॅडम, चहा प्यायले जाऊ." त्यांच्या मोटारसायकलवर आम्ही पोडावर गेलो. तिचे वडील ओशाळून म्हणाले, "तिले तुमची बोली येत नाही, गुर्जी."

"मले तं कुठी येते तुमची?" सर बाजेवर बसत म्हणाले.

शाळेचं नाव त्यांनी काढलंच नाही. रेणुका दाराआडून पाहत होती. पाण्याचा पेला हातात आला तेव्हा सरांनी आतल्या पाण्याकडे बोट करून तिला विचारलं, याला काय म्हणता? नेहमीसारखे थांबून राहिले. कितीतरी वेळानं दाराआडून आवाज आला, "ईर." सरांनी तो शब्द इतका वाकडा उच्चारला की ती खुदकन हसली. त्यांनी पुन्हा चुकवला, ती पुन्हा हसली, आणि मग बाहेर येऊन त्यांना नीट शिकवू लागली. मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकत होते.

पुढचे काही दिवस आम्ही तसेच चहाला जात राहिलो, आणि एका सकाळी ती आपल्या पायानं शाळेत आली. सरांनी परिपाठात तिला समोर उभं केलं नाही. मला वाटलं होतं, करतील. ते फक्त पहिलीच्या वर्गात येऊन खाली बसले आणि मुलांना म्हणाले, "पाण्याले माह्या नव्या मास्तरीण बाई ईर म्हणतात. तुमच्या घरी काय म्हणतात?" मागून एक गोंडाचा पोरगा ओरडला, "येर! सर, आम्ही येर म्हणतो!" बंजारा तांड्यावरच्या एका मुलीनं लगेच भाकरीला 'बाटी' म्हणतात हे सांगून टाकलं. त्या दिवशी धडा झाला नाही. पण संध्याकाळपर्यंत रेणुकाच्या मागे चार मैत्रिणी लागल्या होत्या.

दिवाळीनंतर पोडावरची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, लेकरांसकट. टेम्पो आला त्या सकाळी रेणुका त्यात चढेना. दप्तर छातीशी धरून रडत उभी. सरांना निरोप आला, आम्ही गेलो. वडील चिडलेलेही होते आणि हसतही होते: "गुर्जी, तुम्ही पोरगी बिघडवली माही!" मला वाटलं सर आता शिक्षणाचं महत्त्व सांगतील. ते म्हणाले, "लेकरू मायपासून तोडून शाळेत ठेवावं, असं मी म्हणणार नाही. तुम्ही ठरवान तसं." आणि टेम्पोच्या चाकापाशी उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. रेणुकाची आई लेकीकडे पाहत होती. मग तिनं टेम्पोतून आपलं गाठोडं खाली ओढलं, नवऱ्याला कोलामीत काहीतरी सांगितलं आणि लेकीचा हात धरून घराकडे चालू लागली. सरांनी चष्मा काढून उगाच सदऱ्याला पुसला.

पुढं माझी बदली यवतमाळजवळ झाली, सर निवृत्त होऊन पुसदला राहायला गेले. रेणुकाच्या बातम्या मात्र मला त्यांच्याकडूनच कळतात. ती आता मुकुटबनला आठवीत आहे, सायकलवर जाते.

मागच्या महिन्यात माझीच मुलगी, दुसरीतली ईरा, शाळेत जायचं नाही म्हणून हटून बसली. मी समजावलं, रागावले, आईस्क्रीमचं आमिष दाखवलं. शेवटी पुसदला फोन लावला. सर म्हणाले, "तिले द्या फोन." ती फोन घेऊन गच्चीवर गेली आणि दोघं खूप वेळ बोलत होती. खाली आल्यावर तिनं फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "ते आमच्या दोघांचं आहे." सरांनीही मला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "मॅडम, आज नाही तं उद्या ती तुम्हालेच सांगन. तेव्हा मधात बोलू नोका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पोळ्या करत होते. ईरा ओट्याशी येऊन उभी राहिली, कणकेचा एक गोळा घेऊन दाबत बसली, आणि खाली मान घालून म्हणाली, "आई, स्कूल व्हॅनमध्ये ना..." आणि थांबली. माझ्या तोंडाशी दहा प्रश्न आले. मी गॅस बंद करायलाही हात हलवला नाही. तव्यावरची पोळी फुगली, बसली, करपू लागली. आणि ईरा बोलू लागली.