कळव्याचे कटिंगवाले काका

रुग्णाचं डोकं हातात आणि नजर मात्र त्याच्या पायांवर, असा ते वस्तरा चालवायचे. पहिल्यांदा बघाल तर तुम्हीही धसका घ्याल. मी घेतलेला. "काका, डोक्याकडे बघा की," म्हटलं, तर म्हणाले, "डोकं हाताला कळतं रे. पाय बघावे लागतात."

कळव्यात त्यांचं कटिंगचं दुकान. ठाण्यातल्या आमच्या हॉस्पिटलात मेंदूचं ऑपरेशन असलं की आदल्या संध्याकाळी ते केस काढायला यायचे. भूल देणाऱ्या मॅडमच्या हाताखाली मी टेक्निशियन. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. काका मला नावाने हाक मारतच नसत. "काय ग्रॅज्युएट, चहा झाला का?"

मेंदूतली गाठ बहुतेकदा पूर्ण भूल देऊनच काढतात. पण ती बोलण्याच्या जागेला चिकटलेली असली, तर मधला वेळ माणसाला जागं ठेवतात, बोलतं ठेवतात. तो अडखळला की डॉक्टर हात थांबवतात. डोकं बधिर केलेलं असतं, दुखत नाही. पण ते लोखंडी पकडीत असतं, हलायचं नाही. हे सगळ्यांना झेपत नाही. मॅडम रुग्णाशी खूप बोलायच्या, तपासायच्या, आणि शेवटी मला म्हणायच्या, "काकांना काय वाटतंय, तेही विचार."

डोंबिवलीच्या एक शिक्षिका आलेल्या. रडून रडून बेजार. काका म्हणाले, "बाई टिकतील. रडतायत, पण पाय सैल आहेत." ऑपरेशनमध्ये बाईंनी आम्हाला पाढे म्हणून दाखवले, वर मला दरडावलं, "नीट उभा राहा!"

मग खडवलीचा एक मुकादम आला. "जागं ठेवा नाहीतर उभं ठेवा, आपल्याला फरक नाय पडत!" अख्खा वॉर्ड हसला. काकाही हसले. बाहेर येऊन मात्र त्यांनी माझा दंड धरला. "मॅडमना सांग, याचे अंगठे फरशीत रुतलेले. घाबरलाय, पण कबूल करणार नाही. पुन्हा बोला म्हणावं त्याच्याशी. नाहीतर झोपवूनच करा."

मी नाही सांगितलं. त्याच आठवड्यात एका डॉक्टरने सगळ्यांसमोर मला सुनावलेलं, "तू टेक्निशियन आहेस, मत देऊ नकोस." पदवीधर असून माझं मत कुणी घेत नाही, तर कटिंगवाल्याचं मी का वाहू? मॅडमनी विचारलं तेव्हा म्हटलं, "काही विशेष नाही बोलले."

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन अर्ध्यावर आलं आणि मुकादम ओरडायला लागला, "सोडा मला, सोडा!" मानेला हिसडे देऊ लागला. घाईघाईने झोपवावं लागलं. मग बोलण्याची जागा कुठे सुरू होते ते कळेना, आणि डॉक्टरांनी हात आखडता घेतला. गाठीचा तुकडा आतच राहिला.

वर्षाच्या आत तो परत आला. तुकडा वाढलेला, शब्द अर्धेअधिक गेलेले. या वेळी पूर्ण भूल ठरली. काकांनी त्याचं डोकं भादरलं. नंतर बेसिनपाशी मी म्हटलं, "काका, तेव्हा मी मॅडमना सांगितलंच नव्हतं."

"माहितीय." त्यांनी वस्तरा धुतला, पुसला, पुन्हा धुतला. "मॅडमची केबिन दहा पावलांवर होती रे. मला जाता आलं असतं. वाटलं, आपण केस कापणारे, आपण कोण."

त्यानंतर ते आले नाहीत. आता एजन्सीचा माणूस येतो, मशीन फिरवतो आणि जातो.

मध्ये एकदा मी त्यांच्या दुकानात गेलेलो. खुर्चीत गिऱ्हाईक होतं. काकांनी आरशातूनच विचारलं, "मुकादम बोलतो का रे?"

"बायकोला हाक मारतो. बाकी काही नाही."

कात्री थांबली. गिऱ्हाईक मान खाली घालून तसंच बसून राहिलं.