गिधाडं किती, ते एकदा सांगा

"मॅडम, आठ लिहायला तुमची हरकत काय आहे?" पाटणकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

चाकणच्या पुढे एका डोंगराच्या पायथ्याशी साइट ऑफिसच्या कंटेनरमध्ये आम्ही बसलो होतो. पाटणकर कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांना डोंगराची एक बाजू कापून ट्रक उभे करायला यार्ड बांधायचं होतं. त्याच बाजूच्या कड्यावर पांढऱ्या गिधाडाचं घरटं होतं आणि घरट्यात पिल्लू. एप्रिल चालू होता. पिल्लाला उडायला अजून दोन महिने तरी हवे होते आणि सुरुंग पुढच्या आठवड्यात लागणार होते.

मी पक्षी मोजते. सांगवीच्या आमच्या सोसायटीत ही नोकरी असू शकते यावर अजून कुणाचा विश्वास नाही. पांढरं गिधाड म्हणजे घारीएवढा, पिवळ्या तोंडाचा पक्षी. मेलेली जनावरं आणि चिकनच्या दुकानांमागचा कचरा खातो. रूप बेताचंच. पण जगभरात धोक्यात आलेला, म्हणून त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगाव्या लागतात. तो कुठून कुठवर फिरतो, ती त्याची रेंज. आणि तेवढ्यात पिल्लं सोडून एकूण किती आहेत, ती पॉप्युलेशन.

कंपनीला परवानगीसाठी आमचा रिपोर्ट लागणार होता, आणि त्यात पॉप्युलेशनच्या रकान्यात आमच्या सरांनी, म्हणजे माझ्या वरिष्ठांनी, आठ लिहून ठेवलं होतं. चार ठिकाणी एकेक पक्षी दिसला होता: मोशीचा कचरा डेपो, रावेतचा नदीकाठ, तळेगाव आणि हा कडा. विणीच्या दिवसांत एक दिसला की आम्ही जोडी धरतो, कारण दुसरा घरट्यावर बसलेला असतो. चार दुणे आठ. पाटणकर खूश होते. आठांपैकी दोघांचं घरटं गेलं, तर रिपोर्टात 'परिणाम मर्यादित' असं लिहून मोकळं होता येतं.

मला आठ पटत नव्हते, कारण बाकीच्या तीन ठिकाणी घरटं कुणालाच सापडलं नव्हतं.

दारात बबनराव उभे होते. गावातलं जुनं शेतकऱ्याचं घर. आता शेती नाही, दोन पोकलेन मशीन आहेत. डोंगर कापायचं काम त्यांनाच मिळालं होतं.

"ताई, तुमचं पाखरू मोशीला हाय, रावेतला हाय, तळेगावला बी हाय. मग आमच्याच डोंगराला का चिकटून बसलंय?"

"तेच बघायचंय," मी म्हणाले.

संध्याकाळी मी सुनीलला फोन लावला. सुनील भोसरीत एका कंपनीत फिटर आहे, सुट्टीत आमच्यासाठी पक्षी बघतो आणि मोशीचं गिधाड त्याने पाहिलेलं.

"रविवारी मोशीला येशील का?"

"रविवारी कसा येणार मॅडम? आमची सुट्टी गुरुवारी. मी कायम गुरुवारीच जातो."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. आमच्या या पट्ट्यात सगळ्यांची सुट्टी एका दिवशी नसते. रावेतचा अभिषेक आयटीतला, तो शनिवारी नदीवर जातो. तळेगावच्या जोशीबाई शाळेत शिकवतात, त्यांना रविवार. म्हणजे दोन जागा एकाच वेळी कुणीच कधी पाहिल्या नव्हत्या. गिधाड कचऱ्याच्या मागे फिरत होतं, माणसं आपापल्या सुट्टीच्या मागे, आणि आम्ही गुणाकार करत होतो.

उपाय एकच. सगळ्यांनी एकाच सकाळी आपापल्या जागी उभं राहायचं. मी बुधवार ठरवला.

"बुधवारी?" सुनील म्हणाला. "सुपरवायझरला काय सांगू, गिधाड बघायला चाललोय?"

"आजारी आहे म्हण."

"मागच्या महिन्यातच झालोय आजारी."

शेवटी त्याने शिफ्ट बदलून घेतली. अभिषेक लॅपटॉप घेऊन नदीकाठी बसला आणि मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून हजर राहिला. जोशीबाईंनी रजेच्या अर्जात सरळ खरं कारण लिहिलं. रजा मंजूर झाली, याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

बुधवारी सकाळी मी कड्यासमोर दुर्बीण लावून बसले. एक पक्षी पिल्लावर सावली धरून होता. दुसरा उन्हं तापल्यावर उठला आणि दक्षिणेला गेला. त्याच्या डाव्या पंखात एक पीस नव्हतं, तिथे फट दिसत होती. थोड्या वेळाने आमच्या चौघांच्या ग्रुपवर सुनीलचा मेसेज आला, "मोशी. एक आलाय. डाव्या पंखात फट." तो तिथून उडाल्यावर अभिषेकचा, "रावेत. एक. फट आहे." मग जोशीबाईंचा, "डोक्यावरून गेला. फट दिसली." दुपारी तोच पक्षी चोचीत काहीतरी धरून माझ्यासमोर कड्यावर उतरला.

मी ग्रुपवर तसं कळवलं, तेव्हा सुनीलने लिहिलं, "म्हणजे माझं गिधाड ते अभिषेकचंच?"

"आणि माझंही," जोशीबाई.

कोडं सुटलं म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. सकाळी आठ गिधाडं होती, दुपारी दोनच उरली.

आणखी दोनदा अशीच मोजणी केली. फरक पडला नाही. रेंज चाकणपासून तळेगावपर्यंत, पॉप्युलेशन दोन. सरांनी दोनदा वाचलं, स्वतःच्या आठवर काट मारली आणि सही केली.

"एवढ्या एरियात दोनच?" पाटणकर म्हणाले. "निदान 'किमान दोन' तरी लिहा."

"किमान लिहिलं की तुम्ही आठ वाचणार."

ते हसले नाहीत, पण भांडलेही नाहीत. दोनांपैकी दोघांचं घरटं गेलं तर 'मर्यादित' हा शब्द कुठेच बसत नाही, हे त्यांनाही कळत होतं. ड्रॉइंगमधून कडा वगळला गेला, यार्ड लहान झालं आणि पिल्लू उडेपर्यंत काम थांबलं. बबनरावांची मशीन उन्हात उभी राहिली. ते माझ्याशी बोलायचे बंद झाले.

जूनच्या अखेरीला सकाळी त्यांचाच फोन.

"ताई, उडालं तुमचं. आदी घसरलं, खालच्या दगडाला धरून बसलं. मग जोर केला आन् गेलं नदीकडं. आई मागं मागं व्हती."

"तुम्ही तिथे काय करताय इतक्या सकाळी?"

"काय म्हंजी? रोज येतोय. ते उडाल्याबिगर माझी मशीन हालत न्हाई."

मी आठवड्यातून एकदा जात होते. हा माणूस ते पिल्लू एकदाचं जावं म्हणून रोज उजाडता तिथे बसत होता, आणि त्याचं पहिलं उड्डाण माझ्याऐवजी त्याने पाहिलं. मला बबनरावांचा हेवा वाटला, हे लपवण्यात अर्थ नाही.

तेव्हापासून घरट्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा असला की मी पक्षिप्रेमी शोधत नाही. त्या पक्ष्यापायी ज्याचं काम अडलंय, त्याला शोधते.