महालिंगानं हलगी सोडली नव्हती

मांजरसुंब्याच्या फाट्यावर बैलं सोडून बसलेल्या एका गाडीवानानं मला ती बातमी सांगितली. मी बीडहून औषधांची पेटी घेऊन पाटोद्याला परतत होतो. तो म्हणाला, "आता कुणासाठी नेताव पेटी? तुमचा डाक्टर गेला की परवा." मी पेटी खाली ठेवली आणि त्याच्या गाडीच्या चाकाला टेकून बसलो. त्याला वाटलं मला ऊन लागलं. त्यानं पाणी दिलं... पाटोद्याच्या रेवणअप्पा वाण्यांचा मुलगा, माझा शाळेतला सोबती, विलायतेहून डॉक्टर होऊन आपल्या गावी परतलेला महालिंग, प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता प्लेगनंच गेला. इथवर गावात सगळे खरं सांगतात. त्यापुढं खोटं सांगतात, म्हणून मी हे लिहायला बसलो आहे.

गेल्या आठवड्यात मठाच्या अंगणात शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी गावातले मोठे आडत दुकानदार. ते म्हणाले, "विद्येसाठी महालिंगनं सगळे नाद सोडले. लहानपणी पोरवयात हलगीबिलगी वाजवली असंल, पण विलायतेत गेल्यापासून पुस्तकावरची नजर हलवली नाही. आपल्या मुलांनी हा धडा घ्यावा." समोरच्या माना हलल्या. त्यातली प्रत्येक मान मी ओळखतो. महालिंगाच्या हलगीला जी दारं हसली होती, त्याच दारांतल्या त्या माना होत्या.

हलगीचा नाद त्याला शाळेपासूनचा. वाण्याचा मुलगा, गळ्यात लिंग, आणि हातात कातड्याचं वाद्य. गावाची दवंडी पिटायचं काम सटवाकडं. तो गावकुसाबाहेर राहायचा आणि आमच्याहून थोडाच मोठा होता. चावडीपुढं महालिंगाला "मालक" म्हणणारा सटवा आपल्या अंगणात हलगी शिकवताना मात्र त्याला सोडायचा नाही. "हात हाय का मुसळ, बे? कातडं फोडायला आलास का वाजवायला?" महालिंग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचा. घरी परतल्यावर मागच्या आडावर अंगावर पाणी ओतून घेतल्याखेरीज रेवणअप्पा त्याला उंबरा ओलांडू देत नसत. तो थंडीनं कुडकुडत हसायचा. मी तेव्हाही हसलो नाही. ज्या वाद्याशिवाय तुमच्या लग्नाची वरात हलत नाही, ते वाजवून आलेला आपला मुलगा तुम्हाला धुऊन घ्यावा लागतो, यात हसण्यासारखं काय आहे?

विलायतेला जाताना त्यानं ट्रंकेत कपड्यांखाली हलगी नेली. तिथल्या ओल्या हवेत कातडं सैल पडायचं. मग तो घरमालकिणीच्या चुलीपुढं हलगी शेकत बसायचा. त्या बाईला आधी वाटलं की हिंदुस्थानातला हा माणूस भाकरीसारखं काहीतरी भाजतो आहे, आणि ती ताट घेऊन उभी राहिली. हे सांगताना त्याला हसू आवरायचं नाही. दुसरी गोष्ट सांगताना मात्र तो गंभीर व्हायचा. त्या शहरात आपल्याकडचे बॅरिस्टरीला गेलेले तरुण होते. संध्याकाळी ते देशाच्या स्वातंत्र्यावर भाषणं करायचे. त्यांनी हलगी पाहिली आणि म्हणाले, "सतार तरी आणायची होतीस. लोक काय म्हणतील आपल्याला?" महालिंगानं विचारलं, "आपल्याला म्हणजे कुणाला?" त्यानंतर त्याला कुणी सभेला बोलावलं नाही. रविवारी सारं शहर दारं लावून प्रार्थनेत असायचं, तेव्हा हा समुद्राकाठच्या खडकावर जाऊन वाजवायचा. मी त्याला एकदा विचारलं, "अभ्यासात खोळंबा नाही झाला?" तो म्हणाला, "त्याच्याबिगर अभ्यास झालाच नसता. दिवसभर मढी चिरायची... संध्याकाळी हाताला काहीतरी जितं लागावं की नको?" रोग्याच्या छातीवर एक बोट टेकवून त्यावर दुसऱ्या बोटानं ठोकायचं आणि आवाजावरून आत हवा आहे की पाणी साचलंय ते ओळखायचं, हे तिथं शिकवत. बरोबरची मुलं चाचपडत असताना याला ते लगेच साधलं. शिक्षकांनी विचारलं, कुठं शिकलास? तो म्हणाला, आमच्या गावात.

आणि सभेत सांगतात, त्यानं नाद सोडला.

परत आल्यावर त्यानं बापाच्या दुकानामागच्या वखारीत दवाखाना मांडला. रोगी संपले की हलगी काखेत मारून सरळ सटवाच्या अंगणात. गाव म्हणायचं, "विलायतेचं पाणी पिऊन आला, पर मांगवाड्याची वाट सुटली न्हाई." तरी ताप आला की त्याच्याच दारात उभं राहायचं. तेही त्यानं हसून चालवून घेतलं.

मग धान्याच्या कोठारांत उंदीर मरून पडू लागले. महालिंग चावडीवर गेला. मी बरोबर होतो. तो पाटलांना म्हणाला, "आजच दवंडी द्या. गाव माळावर काढा, झोपड्या घाला." पाटलांभोवती आडतदार बसलेले. आठवड्याचा बाजार तोंडावर आलेला. शोकसभेचे हेच अध्यक्ष तेव्हा म्हणाले, "बाजार मोडंल, डाक्टर. उंदरं काय दरसाली मरत्यात. तहसीलचा हुकूम येऊ द्या की." सटवाला बजावण्यात आलं की हुकमाशिवाय हलगीला हात लावलास तर गावकीचं काम गेलं. तरी तो दवाखान्यात आला. "मी फिरतो गावातून. काम गेलं तर जाऊ दे." महालिंग म्हणाला, "तुला लेकरं हायेत, बे. मी फिरतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटोद्याच्या गल्ल्यांतून विलायती पदवीचा डॉक्टर हलगी पिटत निघाला. मी शेजारी चालत होतो. तो ओरडत होता, "ऐका हो ऐका, उंदरं पडल्यात, रोग आलाय. घरं सोडा, माळावर चला." दारं उघडली. लोक ओट्यांवर आले. कुणीतरी म्हणालं, "ह्यो सटव्याचा हात न्हाई." बस, तेवढ्यावर निकाल लागला. या गावाला दवंडीचा हात कानानं कळतो. सटवाचा हात असेल तर तो चावडीचा हुकूम, आणि सटवाचा नसेल तर ती दवंडीच नव्हे. "डाक्टर, आज सकाळीच नाद आला व्हय?" एकानं विचारलं. एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "लई ग्वाड वाजवतंय लेकरू." त्यांनी शब्दन् शब्द ऐकला, आणि हलगी थांबल्यावर ते जेवायला आत गेले. रेवणअप्पांनी तर आम्ही दिसताच दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. माळावर गेली ती फक्त सटवाची वस्ती. तिथंही मरण पोहोचलं, नाही असं नाही. पण गावात जे झालं ते तिथं झालं नाही. ज्यांनी त्याला हसून परत पाठवलं, त्यांच्याच अंथरुणाशी महालिंग पुढं रात्रंदिवस बसला. औषध संपलं तेव्हा त्यानं मला बीडला धाडलं...

आता कळलं, त्यानं हलगी सोडली होती हे गावाला एवढं का हवं आहे? त्यानं सोडली असेल, तर त्या सकाळी कुणी वाजवलीच नाही. कुणी वाजवलीच नाही, तर न ऐकल्याचा दोष कुणाचाच नाही. मी सभेत उभा राहून हेच सांगू लागलो. अध्यक्ष म्हणाले, "बसा. गेलेल्या माणसाची अब्रू काढू नका." मी विचारलं, "त्याची, का तुमची?" तोवर कुणीतरी भजन सुरू केलं. पहिल्या रांगेत बसलेले रेवणअप्पा काही बोलले नाहीत. मला त्यांचाही राग आला.

काल त्यांच्या दुकानावरून जात होतो. गल्ल्याच्या वर, येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येईल अशी हलगी खुंटीला टांगलेली. चकलांब्याकडचा एक पाहुणा आणि गावातला एक जण गूळ घ्यायला उभे होते. गावातला म्हणाला, "अप्पा, हे चामडं काहून टांगलं दुकानात?"

रेवणअप्पांनी तराजू खाली ठेवला. "डाक्टरची हलगी हाय ती. तुमच्या दारावरून गेलती त्या सकाळी. ऐकली व्हती ना तुमी?"

तो माणूस गूळ न घेताच पायरीकडं वळला.

"मी फळ्या लावल्या व्हत्या," रेवणअप्पा म्हणाले, "तरी मला ऐकू आली."