राज्यपाल सर आणि माझं सात दिवसांचं सरकार

आमच्या नागरिकशास्त्राच्या सरांनी नोकरीत दरवर्षी एक सरकार स्थापन केलं आणि त्यासाठी एकाही आमदाराला हॉटेलात ठेवावं लागलं नाही. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात दर जुलैत शालेय मंत्रिमंडळाचा शपथविधी व्हायचा. त्या दिवशी सर काळा बंद गळ्याचा कोट घालत आणि घामाने निथळत पाणीपुरवठामंत्र्याला अशी शपथ देत, की जणू त्याच्याकडे धरणच सोपवतायत. प्रत्यक्षात त्या खात्याकडे दोन माठ आणि एक ओगराळं असायचं. आम्ही सरांना राज्यपाल म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

नववीत पहिला येईल तो दहावीत मुख्यमंत्री, हा त्यांचा नियम. निवडणूक का नाही, असं कुणी विचारलंच तर म्हणत, "काऊन बे, बाहेरच्या निवडणुका पाहून पोट नाही भरलं?" दुसरा नियम असा, की वार्षिक परीक्षेचे तपासलेले पेपरसुद्धा ते निकालाच्या दिवशी वर्गात वाटत. "जनतेले पाहू द्या," म्हणत. मुख्याध्यापकांना हा नसता उपद्व्याप वाटे.

नववीच्या निकालाला माझा पेपर हातात आला, तर त्याला एक जास्तीची पुरवणी बांधलेली. गोल, सुबक अक्षर, आठपैकी आठ गुण. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. हे अक्षर वर्गातल्या वनिताचं होतं. वर्षभर तिच्याच वह्या उतरवून काढल्यामुळे ओळखण्यात चूक होणं शक्य नव्हतं. ती त्या दिवशी आईबरोबर कांदे काढायला गेली होती. मी पेपर गुपचूप परत दिला आणि वनितापेक्षा पाच गुणांनी पहिला आलो.

जुलैत मी शपथ घेतली. बाबांनी एसटी स्टँडवर 'मुख्यमंत्रीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'चा फ्लेक्स लावला. त्यावर काका आणि मामा गॉगल लावून मोठे, मी कोपऱ्यात एवढासा. माझ्या सरकारने एकच धोरणात्मक निर्णय घेतला, तो म्हणजे मुख्यमंत्र्याने वर्ग झाडायचा नाही. वनिता शाळेत येतच नव्हती. नववी झाली तेवढी पुरे, असं तिच्या वडिलांनी ठरवलं होतं.

सातव्या दिवशी पेपरांचे गठ्ठे कपाटात टाकताना सरांना ती पुरवणी दिसली. त्यांनी मला बोलावलं.

"हे अक्षर तुयं हाये काय?"

"नाही सर."

"पेपर पाह्यला तवा दिसलं नव्हतं?"

मी चपलांकडे पाहत राहिलो. सरांनी पुरवणीची गाठ सोडवली. मग म्हणाले, "जाय वर्गात. परिपाठाले मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेपुढे ते म्हणाले, "तपासताना सुटलेली पुरवणी मी भलत्याच पेपरले बांधली. चूक माही. वनिता पहिली हाये." माझ्याबद्दल अवाक्षर नाही. बाबा तावातावाने शाळेत आले. "सर, बोर्ड लागला आता, साऱ्या गावानं पाह्यला. राहू द्या ना!" सर शांतपणे म्हणाले, "बोर्डावर सरकार चालत नाही, भाऊ."

संध्याकाळी पुन्हा तोच कोट चढवून सर वनिताच्या घरी गेले. माजी मुख्यमंत्री म्हणून मलाही सोबत नेलं. तिचे वडील म्हणाले, "दहावी करून पोरीले काय दिवे लावाचे हायेत?" सर म्हणाले, "मुख्यमंत्र्याले मधातच घरी बसवता येत नाही. तशी तरतूदच नाही." ही तरतूद त्यांनी उभ्या उभ्या रचली होती, पण वडील नरमले. सोमवारी वनिता शाळेत आली आणि तिने शपथ घेतली. दहावीला शाळेत पहिली आली, गुणवत्ता फलकावर तिचं नाव लागलं. आज ती खामगावला कॉलेजात शिकवते.

सरांच्या निरोप समारंभाला आम्ही दोघंही होतो. मुख्याध्यापक रंगात येऊन म्हणाले, "सरांनी एवढ्या वर्षांत एकच चूक केली, ती पुरवणीची!" हॉल खो खो हसला. सरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि लगेच नजर पंख्याकडे वळवली, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. उठून खरं सांगायला मला दहा सेकंद पुरले असते. मी सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसलो.

दिवाळीनंतर सर वारले. माझा त्यांच्यावर फार जीव होता. तरी माझ्या वाटणीची चूकसुद्धा मी त्यांच्याच नावावर राहू दिली.